युद्धकाळातले बहिरे कामगार: अ‍ॅक्रनच्या रबर कारखान्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्णबधिर मुलांच्या पालकांपुढे अ‍ॅक्रनची गोष्ट सांगितली की पुढचा आठवडाभर निरोप येत राहतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅक्रन कुठे आहे, आणि हे प्रकरण आहे तरी काय?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला. गुडरिच, गुडइयर (स्थापना १८९८) आणि फायरस्टोन (१९००) या तिन्ही रबर कंपन्या इथे वाढल्या. मोटारी वाढल्या तशी टायरची मागणी वाढली आणि गाव फुगत गेलं. १९१० साली वस्ती ६९,०६७ होती, १९२० साली २,०८,४३५. राहायला जागा मिळेना. एक जण पाळीवर गेला की त्याच्या अंथरुणात दुसरा येऊन झोपायचा, आणि पलंगाचं भाडं दोघेही भरायचे. गिरणगावातल्या खोल्यांच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या गर्दीत शेकडो बहिरे कामगार होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि पुन्हा दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून इथे आले. १९२० च्या आसपास एकट्या गुडइयरमध्ये पाचशेहून जास्त बहिरे कामाला होते. इतके बहिरे कामगार एका गावात, एका कारखान्यात, एका पाळीला असणं हे त्याआधी फारसं कोणी पाहिलं नव्हतं.

२. बहिरे म्हणायचं, कर्णबधिर की मूकबधिर?

सरकारी कागदावर कर्णबधिर. मी दोन्ही शब्द वापरते, कारण माझ्या ओळखीचे बरेच जण स्वतःला खुणेने ‘बहिरा’ असंच सांगतात. ‘मूकबधिर’ मात्र टाळते. ज्याला हातांनी दिवसभर गप्पा मारताना पाहिलं आहे त्याला मूक कसं म्हणणार? अमेरिकेतल्या जुन्या शब्दांबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. बहिऱ्यांना तर फौजेत घेत नव्हते. मग युद्धाशी त्यांचा संबंध काय?

घेत नव्हते म्हणूनच संबंध आला. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. त्याआधी, १९१४ पासूनच, युरोपातून येणारे मजूर कमी झाले होते. मग इथलेही तरुण लष्करात गेले. ट्रकचे टायर, गॅस मास्क, निरीक्षणासाठी वर सोडायचे फुगे, सगळ्याची मागणी एकाच वेळी वाढलेली आणि हात अपुरे. ज्याला लष्कर बोलावून नेणार नाही असा धडधाकट, शिकाऊ वयाचा माणूस कंपन्यांना हवाच होता. दुसऱ्या महायुद्धात बहिऱ्या पुरुषांना भरतीच्या यादीत ‘४-एफ’ शेरा मिळायचा, म्हणजे शारीरिकदृष्ट्या अपात्र. रस्त्यावरून चाललेला तरणाबांड माणूस गणवेशात नाही म्हणून लोक वाकडं बघायचे, कारण त्याचं बहिरेपण काही दिसत नव्हतं. कारखान्याचा बिल्ला हे त्यावरचं उत्तर होतं.

कंपन्यांना एकाएकी पाझर फुटला होता असं समजू नका. त्यांना माणसं हवी होती. पुढे काय झालं ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. हे लोक आधी काय करत होते? त्यांना काही येत होतं का?

पुष्कळ येत होतं. अमेरिकेत बहिऱ्यांच्या निवासी शाळा एकोणिसाव्या शतकापासून होत्या (ओहायोची १८२९ ची), आणि जवळपास प्रत्येक शाळेत दुपारनंतर धंदेशिक्षण असायचं: छपाई, चांभारकाम, सुतारकाम, मुलींना शिवणकाम. खिळे जुळवणारे बहिरे कंपोझिटर तर वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत मोठ्या संख्येने होते. वॉशिंग्टनला १८६४ पासून गॅलॉडेट हे बहिऱ्यांचं महाविद्यालयही होतं.

अडचण दारावर होती. १९०६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या नोकरभरतीतून बहिऱ्यांना सरसकट वगळलं गेलं. बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे १८८० साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफने, अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला तेव्हा कुठे १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती बंदी उठवली. खासगी मालक विम्याचं कारण पुढे करायचे: बहिरा ठेवला तर अपघात-विम्याचा हप्ता वाढेल.

अ‍ॅक्रनमध्ये काम आहे ही बातमी पसरली ती या शाळांच्या छापखान्यांतूनच. प्रत्येक शाळा आपलं छोटं पत्र छापायची आणि ही पत्रं एकमेकांकडे जायची. कोण अ‍ॅक्रनला गेला, त्याला आठवड्याला किती मिळतात, खोली कुठे मिळाली, हे त्यात असायचं. टेलिफोन ज्यांना निरुपयोगी त्यांचं हे गावकीचं जाळं.

५. कारखान्यात त्यांना नेमकं कोणतं काम दिलं जायचं? झाडलोट?

नाही. टायर बांधणं, जे त्या काळात कारखान्यातलं अंगमेहनतीचं आणि तितकंच कसबाचं काम होतं.

त्या वेळचा टायर कसा बनायचा ते बघा. टायरच्या आकाराचा एक जड लोखंडी गाभा घ्यायचा. रबराचा लेप दिलेल्या कापडाचे पट्टे त्यावर एकावर एक ताणून बसवायचे. कडेला तारेचं कडं. प्रत्येक थर बसवला की हातातलं लहान चाक फिरवत तो दाबत जायचा, मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग वरचा जाड थर, आणि शेवटी साचा आणि वाफ. गंधक मिसळलेलं रबर उष्णतेने पक्कं होतं, आणि थरांत राहिलेली हवाही तिथेच पक्की होऊन बसते. तो टायर पुढे कुठेतरी फुटणार. बुडबुडा राहिला आहे की नाही हे ओळखायचं बोटांनी आणि नजरेने. कानाचं इथे काही काम नाही.

गुडइयरमध्ये ‘फ्लाइंग स्क्वाड्रन’ नावाची एक तुकडी होती. तिच्यातल्या कामगाराला सगळ्या खात्यांचं काम शिकवायचे आणि जिथे अडेल तिथे पाठवायचे. बहिऱ्या कामगारांचीही अशी तुकडी तयार केली गेली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. ज्याला एका कोपऱ्यात बसवून एकच काम द्यायचं असं इतर मालक म्हणत होते, त्यालाच इथे कुठेही पाठवा, चालेल असं ठरवलं गेलं.

६. ऐकू येत नाही तर धोक्याची सूचना कशी कळणार? अपघात होत नव्हते?

अपघात रबर कारखान्यात सगळ्यांनाच होत. रोलरमध्ये हात जाण्याआधी माणसाला ऐकू येतं की नाही हे मशीन विचारत नाही. बहिरे कामगार अपघातांत इतरांच्या पुढे नव्हते असाच कारखान्यांचा अनुभव होता, आणि म्हणून तर भरती चालू राहिली. विम्याची भीती (प्रश्न ४) खोटी ठरली ती याच अनुभवाने.

खरी अडचण एकच: मागून येणारी गाडी. ढकलगाडीवाला ओरडला तरी उपयोग नाही. त्यामुळे बहिरा माणूस वळण्याआधी मान फिरवून बघतो. शाळेच्या व्हरांड्यात आमची मुलंसुद्धा तसंच करतात, कोणी शिकवावं लागत नाही.

मोटार चालवण्याबद्दल हाच वाद १९२० च्या दशकात झाला. काही राज्यं बहिऱ्यांना परवाना नाकारू पाहत होती, आणि संघटना त्याविरुद्ध झगडली. ज्या गावात ते दिवसभर टायर बांधत होते त्या गावात ही चर्चा वाचताना त्यांना काय वाटलं असेल!

७. फोरमन त्यांच्याशी बोलायचा कसा?

खिशात वही-पेन्सिल. बरेच जण ओठांवरून थोडंफार ओळखायचे. पण मुख्य म्हणजे बहिऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे कंपनीने त्यांच्यातलेच लोक भरतीच्या आणि देखरेखीच्या कामावर ठेवले. नवा माणूस आला की त्याला जुना बहिरा कामगार खुणांनी शिकवायचा. शेजारी काम करणारे काही ऐकणारे लोकही बोटांची अक्षरं शिकले. अमेरिकन मुळाक्षरं एका हाताची आहेत, दुसऱ्या हातात हत्यार असलं तरी चालतं. आपल्याकडची दोन हातांची, ती या बाबतीत जरा गैरसोयीची.

एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. १८८० साली इटलीतल्या मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद झाली, तिच्यानंतर शाळांमध्ये खुणांवर बंदी येत गेली होती, मुलांनी तोंडानेच बोललं पाहिजे असा हट्ट होता. त्याच काळात अ‍ॅक्रनच्या कारखान्यात मात्र खुणा उघडपणे चालत होत्या. वर्गात हातावर छडी आणि कामावर त्याच हाताला मोकळीक. मशीनच्या गोंगाटात ऐकणारे एकमेकांच्या कानाशी ओरडत असताना हे लोक चाळीस फुटांवरून निवांत बोलायचे.

८. म्हणजे गोंगाटाच्या कामाला बहिरेच बरे, नाही का?

हा प्रश्न मालकही विचारतात आणि पालकही, आणि दर वेळी मला थोडा राग येतो. ज्याला अजिबात ऐकू येत नाही त्याला आवाजाचा त्रास होत नाही हे खरं. पण बरेच कर्णबधिर थोडं ऐकतात, आणि ते थोडं गोंगाटाने आणखी कमी होतं. शिवाय हादरा सगळ्यांच्या हाडांत जातो. युद्धकाळात रिव्हेट ठोकणारे ऐकणारे कामगार कामावरच ऐकू येणं गमावत होते. ‘तुम्हाला काय फरक पडतो’ म्हणून कोणाला सगळ्यात वाईट जागी उभं करायचं, हे सोयीचं तर्कशास्त्र आहे.

हादऱ्याची दुसरी बाजूही सांगते. पुण्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी लेथवर काम करतो. त्याला भेटायला गेले तेव्हा तो जॉब लावून उभा होता, डावा तळहात मशीनच्या अंगावर, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मधेच त्याने बटण दाबून मशीन थांबवलं. शेजारच्या मुलाला काहीच कळलं नव्हतं. याने टूल काढून मला दाखवलं: टोकाला केसाएवढा टवका उडालेला. हातात कळतं, असं त्याने खुणेने सांगितलं, आणि चहा मागवला.

९. ‘गुडइयर सायलेंट्स’ म्हणजे काय? आणि ‘डमी’ हॉय कोण?

सायलेंट्स हा गुडइयरच्या बहिऱ्या कामगारांचा संघ. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल, सगळ्यात ते उतरायचे. फुटबॉल संघ १९१५ च्या सुमाराचा, आणि ऐकणाऱ्या संघांना तो चांगलाच जड जायचा. फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी एकत्र करून घोळका करतात ना, ती पद्धत १८९० च्या दशकात गॅलॉडेटच्या बहिऱ्या खेळाडूंनी सुरू केली असं मानतात. समोरच्या संघाला आपल्या खुणा दिसू नयेत म्हणून.

विल्यम हॉय हा ओहायोचाच. तीन वर्षांचा असताना मेंदूज्वराने बहिरा झाला, शाळेत पहिला आला, चांभारकाम शिकला, बूट दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानाबाहेर मुलांबरोबर बेसबॉल खेळता खेळता व्यावसायिक खेळाडू झाला आणि १८८८ ते १९०२ सर्वोच्च पातळीवर खेळला. १९ जून १८८९ च्या एका सामन्यात त्याने सीमेजवळून चेंडू फेकून तीन खेळाडूंना शेवटच्या टप्प्यावर बाद केलं. पहिल्या महायुद्धात तो गुडइयरमध्ये शेकडो बहिऱ्या कामगारांच्या देखरेखीवर होता, आणि १९१९-२० मध्ये सायलेंट्सच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षकही.

‘डमी’ म्हणजे मुका, आणि आज कोणाला तसं म्हणाल तर मार खाल. पण हॉय स्वतः लोकांना ‘विल्यम नाही, डमी’ असं सांगायचा. त्याचा हक्क. आपण त्यावरून सवलत घेऊ नये. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेच्या, एका सामन्याचा पहिला चेंडू या ९९ वर्षांच्या म्हाताऱ्याने फेकला. डिसेंबरात तो गेला.

१०. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांचं काय झालं?

युद्ध संपल्यावर लगेच काही झालं नाही. १९१९ आणि १९२० चा पूर्वार्ध तेजीचा होता. १९२० च्या शरद ऋतूत टायरची मागणी कोसळली. गुडइयर दिवाळखोरीच्या काठावर गेली, १९२१ मध्ये संस्थापक फ्रँक सायबरलिंग यांनाच बाहेर पडावं लागलं. हजारो कामगार घरी गेले, त्यात बहिरेही. फक्त बहिऱ्यांनाच काढलं असं म्हणणं चूक ठरेल. पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या गावात दुसरं काम मिळायची शक्यता होती, आणि बहिऱ्याला पुन्हा त्याच जुन्या दारांवर उभं राहायचं होतं. नंतर १९३० च्या दशकात महामंदी आली, तेव्हा काही जण बोटांच्या मुळाक्षरांची कार्डं विकत गावोगाव फिरू लागले. संघटनेला त्याची फार लाज वाटायची, आणि ती या विक्रेत्यांच्या मागे हात धुऊन लागली. मला तो राग थोडा चुकीच्या माणसांवर निघाला असं वाटतं.

११. दुसऱ्या महायुद्धात वेगळं काय होतं?

काम बदललं. १९४२ च्या सुरुवातीला जपानने आग्नेय आशिया घेतला आणि अमेरिकेचा नव्वद टक्क्यांहून जास्त नैसर्गिक रबराचा पुरवठा एका फटक्यात तुटला. सगळं काम कृत्रिम रबरावर न्यावं लागलं, आणि ते हाताला वेगळं लागतं, कमी चिकट. ज्यांचं कसब बोटांत होतं त्यांना पुन्हा शिकावं लागलं.

शिवाय टायरपलीकडचं काम आलं. गुडइयर एअरक्राफ्टमध्ये नौदलाची हवाई जहाजं (वायू भरलेली, फुग्यासारखी तरंगणारी) आणि चार हजारांहून जास्त कॉर्सेअर लढाऊ विमानं बनली. हवाई जहाजांचं काम एअरडॉकमध्ये चालायचं. ही १९२९ ची प्रचंड इमारत ११७५ फूट लांब आणि २११ फूट उंच आहे. आत छताजवळ कधी कधी ढग जमून बारीक पाऊस पडतो असं सांगतात. फायरस्टोनमध्ये विमानविरोधी बोफोर्स तोफांचे गाडे बनत होते. (हो, तेच स्वीडिश बोफोर्स.)

फायरस्टोनमध्ये बेंजामिन शोवी हा गॅलॉडेटचा पदवीधर, स्वतः बहिरा, बहिऱ्या कामगारांच्या रोजगाराचा जाणकार म्हणून ओळखला गेला. भावनेला हात घालण्यापेक्षा मालकांना कामाचे आकडे दाखवा, असा त्याचा पिंड.

कामाबाहेर ‘अ‍ॅक्रन क्लब ऑफ द डेफ’ होता. १९४५ मध्ये बहिऱ्यांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा याच क्लबने भरवली आणि तिथेच देशपातळीवरची क्रीडासंघटना उभी राहिली. युद्धानंतर बरेच जण अ‍ॅक्रनमध्येच राहिले, निवृत्त होईपर्यंत.

१२. पगार इतरांइतकाच होता का?

टायर मोजून पैसे मिळत असल्यामुळे, बांधला त्याचा दाम. बढतीचं मात्र तसं नव्हतं. बहिऱ्यांवर देखरेख करायला बहिरा चालायचा, ऐकणाऱ्यांवर क्वचितच. फोन कोण घेणार, हे ठरलेलं उत्तर. (बहिऱ्यांना वापरता येईल असा टेलिफोन १९६४ मध्ये आला. तो बनवणारा रॉबर्ट वाइटब्रेख्ट स्वतः बहिरा होता.) आयुर्विमा देताना कंपन्या नाकं मुरडायच्या म्हणून १९०१ मध्येच बहिऱ्यांनी आपली स्वतःची विमा संस्था काढली होती.

१३. बायका होत्या का? आणि कृष्णवर्णीय बहिरे?

बायका होत्या, दोन्ही युद्धांत. शाळेत शिवण शिकलेल्या मुलींना फुग्यांचं आणि मास्कचं काम नवीन नव्हतं.

कृष्णवर्णीय बहिऱ्यांची कहाणी वेगळी आणि वाईट आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्या शाळा वेगळ्या आणि दरिद्री होत्या, आणि भरतीची बातमी ज्या शाळा-पत्रांतून फिरायची (प्रश्न ४) त्या वर्तुळात ते फारसे नव्हतेच. १९४१ मध्ये रूझवेल्ट (हे फ्रँकलिन, प्रश्न ४ मधले नव्हेत) यांनी संरक्षण उद्योगात वंशभेदाला बंदी करणारा ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला. त्यात अपंगत्वाचा उल्लेख नव्हता. आणि खुद्द बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना १९६० च्या दशकापर्यंत पूर्ण सदस्यत्व दिलं नव्हतं.

१४. युद्धात बहिरे झालेले सैनिकही यातच धरायचे का?

नाही, आणि ही गल्लत बऱ्याच लेखांत दिसते. तोफांनी कान गेलेला सैनिक मोठा झाल्यावर बहिरा झाला, त्याची भाषा तोंडाने बोलायचीच होती, खुणांची नव्हे. त्यांच्यासाठी लष्कराने खास केंद्रं काढली, उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावचं डेशॉन रुग्णालय. श्रवणयंत्र बसवणं, ओठ वाचायला शिकवणं हे काम तिथे शास्त्र म्हणून घडलं. आज आपण मुलाला ज्या ‘ऑडिओलॉजिस्ट’कडे नेतो त्याचा पेशा बराचसा तिथून आला. जन्मतः बहिऱ्या कामगारांच्या वाट्याला त्यातलं तेव्हा काही आलं नाही.

१५. जर्मनीतही बहिरे कामगार होते ना?

होते, पण ते उदाहरण जपून द्या. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक बहिरेपण असलेल्यांची सक्तीने नसबंदी करता येत होती, आणि हजारो बहिऱ्यांची केली गेली. ज्या राज्याने त्यांना संततीला नालायक ठरवलं त्याच राज्याला त्यांची मेहनत चालत होती. याला ‘योगदान’ म्हणताना माझा हात अडखळतो.

१६. आपल्याकडे काय? माझ्या मुलाला याचा उपयोग काय?

मुंबईत बहिऱ्यांची शाळा १८८५ पासून आहे, देशातली पहिली. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातला एक टक्का कर्णबधिरांसाठी. खासगी कारखान्यात मात्र मुलाखत द्यावी लागते. आमची मुलं गेली की समोरचा साहेब पहिला प्रश्न हमखास विचारतो तो वरचा सहावा. उत्तर छापून फाइलमध्ये ठेवा.